नवी नोकरी, तिसरा महिना आणि ऐंशी दिवसांचा हिशेब

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करताना एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने विचारला जातो. ‘मॅडम, माझी एक मैत्रीण आहे, तिला नुकतीच ऑफर आली आहे आणि तिला तिसरा महिना लागला आहे. तिला बाळंतपणाची रजा मिळेल का?’ ही मैत्रीण खरी आहे की नाही, याची चौकशी मी करत नाही. उत्तर देण्यासाठी मला तीन गोष्टी पुरतात: रुजू होण्याची तारीख, डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची अपेक्षित तारीख, आणि त्या कंपनीचा आठवडा पाच दिवसांचा आहे की सहा दिवसांचा.

तिसरी गोष्ट ऐकून विचारणारी बुचकळ्यात पडते, म्हणून आधी कायदा सांगते. प्रसूती लाभ अधिनियम १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी या तरतुदी आणि त्यांच्यासोबतची मुख्य अट तिच्यात तशीच आली आहे. अट अशी, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या लगतच्या १२ महिन्यांत त्या स्त्रीने त्याच मालकाकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम केलेले असले पाहिजे. १९८८ पूर्वी हा आकडा १६० होता.

आता हिशेब पाहा. सहा दिवसांच्या आठवड्यात ८० दिवस भरायला साधारण साडेतेरा आठवडे लागतात, तर पाच दिवसांच्या आठवड्यात पूर्ण १६ आठवडे लागतात. गरोदरपण ४० आठवड्यांचे धरले, तर पाच दिवसांच्या कार्यालयात २४ व्या आठवड्यात रुजू होणाऱ्या मुलीचे ८० दिवस जेमतेम भरतात, तेही ती बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत एकही दिवस न चुकवता कामावर आली तर. प्रसूतीपूर्वीचे ८ आठवडे विश्रांती हवी असेल, तर तिला सोळाव्या आठवड्याच्या आतच रुजू व्हावे लागेल. शनिवारी सुट्टी असलेली नोकरी अधिक सोयीची म्हणून पत्करणाऱ्या मुलीला या एका बाबतीत कारखान्यातल्या मुलीपेक्षा जास्त थांबावे लागते, ही गोष्ट कुठल्याही भरतीच्या जाहिरातीत लिहिलेली नसते.

हजेरीपटावरून दिवस मोजताना अनेक ठिकाणी एक चूक हमखास होते. कायद्याने ज्या सुट्ट्या पगारी ठरवल्या आहेत, त्यांचे दिवस या ८० मध्ये धरायचे असतात. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार वर्षाला अशा आठ सुट्ट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि परस्परसंमतीने ठरलेले चार सण. ज्या मुलीचे दिवस ७८ वर अडले आहेत, तिच्यासाठी स्वातंत्र्यदिन आणि गणेशचतुर्थी हे दोन दिवस सहा महिन्यांच्या पगाराइतके मोलाचे ठरू शकतात, पण मस्टरवर ‘हजर’ एवढाच रकाना मोजणाऱ्या कारकुनाच्या ते लक्षातही येत नाही. उलट आजारपणाच्या रजेचा या मोजणीत कायदा उल्लेख करत नाही, त्यामुळे पाचव्या महिन्यात रक्तस्राव होऊन डॉक्टरांनी तीन आठवडे झोपून राहायला सांगितले की सगळा हिशेब कोलमडतो. अशा वेळी जमण्यासारखे काम घरून करू देणे हा कंपनीच्या हातातला, जवळजवळ बिनखर्चाचा उपाय आहे, कारण घरून केलेले काम हेही कामच असते.

मला या अटीतली सर्वांत जाचक गोष्ट मात्र ८० हा आकडा वाटत नाही. ‘त्याच मालकाकडे’ हे शब्द वाटतात. दहा वर्षे अखंड नोकरी केलेली, दर महिन्याला कर भरलेली स्त्री कंपनी बदलते त्या दिवशी या कायद्याच्या दृष्टीने शून्यावर येते. भविष्यनिर्वाह निधी तिच्या मागोमाग नव्या कंपनीत येतो, प्रसूतीचा हक्क येत नाही. गंमत अशी, की महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या स्त्रीची स्थिती इथे अधिक चांगली आहे. तिचे अंशदान तिच्या विमा क्रमांकावर जमा होते. लगतच्या दोन अंशदान कालखंडांत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) मिळून ७० दिवसांचे अंशदान भरलेले असले की लाभ मिळतो, मग ते दिवस एका मालकाकडचे असोत की दोघांकडचे. शिवाय पैसे विमा महामंडळ देते, त्यामुळे गरोदर कामगार नेमल्याने मालकाच्या खिशातून रजेचा पगार जात नाही. कारखान्यात पॅकिंगला बसणारी बाई नोकरी बदलूनही सुरक्षित आणि वरच्या मजल्यावरची अभियंता मात्र उघडी, असे चित्र एकाच इमारतीत दिसते.

यावरून दुसरा प्रश्न येतो: मुलाखतीत सांगायचे की नाही? सांगण्याची सक्ती करणारी कोणतीही तरतूद या कायद्यात नाही, आणि विचारणाऱ्यांना तो अधिकार कितपत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दाखवून दिले आहे. नीरा माथूर सप्टेंबर १९८९ मध्ये दिल्लीत आयुर्विमा महामंडळात प्रोबेशनवर रुजू झाल्या, जानेवारीत त्यांचे बाळंतपण झाले आणि फेब्रुवारीत त्यांना कामावरून काढून टाकण्यात आले. नेमणुकीपूर्वी भरून घेतलेल्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी शेवटच्या पाळीची तारीख खोटी लिहिली, असे महामंडळाचे म्हणणे होते. त्या प्रतिज्ञापत्रातले रकाने म्हणजे पाळी नियमित येते का, ती कधी आली, किती वेळा गर्भ राहिला, गर्भपात झाला का! न्यायालयाने हे प्रश्न लाजिरवाणे आणि अपमानास्पद ठरवले, रकाने काढून टाकण्यास सांगितले आणि त्यांना पुन्हा कामावर घ्यायला लावले. इतके होऊनही स्टेट बँकेने ३१ डिसेंबर २०२१ च्या परिपत्रकात तीन महिन्यांहून अधिक गरोदर उमेदवार ‘तात्पुरत्या अपात्र’ ठरवल्या आणि त्यांना बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत रुजू होण्याची मुभा दिली. दिल्ली महिला आयोगाची नोटीस आणि सर्व थरांतून झालेली टीका यांनंतर २९ जानेवारी २०२२ रोजी बँकेने त्या सूचना स्थगित केल्या. तीस वर्षांत प्रश्नांची भाषा सभ्य झाली, पण हेतू फारसा हलला नाही.

माझा सल्ला असा असतो, की नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत सांगण्याची गरज नाही, आणि ते पडल्यावर फार लपवण्यात अर्थ नाही. रुजू झाल्यावर लवकर सांगितले तर कामाची आखणी करता येते, अवजड किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम टाळता येते आणि पुढे वाद झालाच, तर कंपनीला कधी कळले याचा लेखी पुरावा आपल्याकडे राहतो. प्रोबेशनची भीती मी समजू शकते. प्रसूतीच्या रजेवर असताना किंवा त्या रजेमुळे कामावरून काढणे बेकायदा आहे, आणि गरोदरपणात काढून टाकले तरी अन्यथा मिळाला असता तो लाभ बुडत नाही. प्रोबेशनवर असणारीला यातून वगळलेले नाही. मात्र ‘कामगिरी समाधानकारक नाही’ हे वाक्य किती सोयीचे असते, हे या विभागात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून नव्या मुलीने पहिल्या महिन्यापासून आपल्या कामाबद्दल आलेल्या ईमेल जपून ठेवाव्यात, असे मी सांगते. कंत्राटी नेमणूक असली तरी हक्क संपत नाही. कविता यादव यांच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ८० दिवसांची अट पूर्ण झाली असेल, तर कंत्राटाची मुदत मध्येच संपल्यावरही पूर्ण काळाचा लाभ द्यावा लागेल.

मालकांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २६ आठवड्यांचा संपूर्ण पगार एकट्या मालकाने द्यायचा, ही रचनाच गरोदर उमेदवाराकडे खर्च म्हणून पाहायला शिकवते. हजार माणसांच्या कंपनीला तो पेलतो. बारा माणसांच्या कार्यालयाला त्यासाठी वर्षभराचे अंदाजपत्रक बदलावे लागते, आणि मग तिथे ‘नुकतेच लग्न झालेली’ उमेदवार दुसऱ्या फेरीतच गळते. कारण कुठेही लिहिले जात नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा बोजा मुख्यतः सरकारने उचलायला हवा हे मान्य केले होते, आणि स्त्रियांच्या श्रमांतून नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्ण सुटका नाही, असेही बजावले होते. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. विमा योजनेने या विचाराचा एक भाग कमी पगाराच्या कामगारांपुरता अमलात आणला; २१,००० रुपयांच्या वरच्या स्त्रियांसाठी तो अजून मालकाच्या वहीतच अडकलेला आहे.

जिचे ८० दिवस भरतच नाहीत, तिचे काय, हे कंपनीच्या धोरणात लिहिलेले असले पाहिजे, कारण इथे कायदा विचित्र जागी थांबतो: प्रसूतीनंतर सहा आठवडे कोणत्याही स्त्रीला कामावर ठेवण्यास तो मनाई करतो, पण दिवस न भरलेल्या स्त्रीला त्या सहा आठवड्यांचा पगार देत नाही. आमच्या कंपनीचे धोरण नव्याने लिहिताना मी अशा कर्मचाऱ्यांसाठी १२ आठवडे पगारी आणि त्यापुढे १४ आठवडे बिनपगारी रजा सुचवली. वित्त विभागाचा पहिला प्रश्न होता, ‘अशा किती जणी येतील?’ नोंदी काढल्यावर इतक्या थोड्या निघाल्या, की चर्चा तिथेच आटोपली. केंद्र सरकारच्या रजा नियमांत १८० दिवसांची प्रसूती रजा शिकाऊ कर्मचारी स्त्रीलाही मिळते आणि तिथे ८० दिवसांची अट नाही, ही गोष्टही त्या बैठकीत उपयोगी पडली.

नेमणूकपत्रासोबत या सर्व लाभांची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केले. माझ्याकडे दुसऱ्या कंपन्यांची जी नेमणूकपत्रे येतात, त्यांत ते पान क्वचितच सापडते. ते नसेल तर रुजू होताना मागून घ्यावे. रजेची सूचना लेखी द्यावी, तिच्यात रजा सुरू होण्याची तारीख आणि पैसे कोणाला द्यायचे ते लिहावे, आणि सोबत गरोदरपणाचा दाखला जोडावा, म्हणजे प्रसूतीपूर्व काळाचा पगार आगाऊ मिळतो आणि उरलेला बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत द्यावा लागतो. धावपळीत सूचना द्यायची राहूनच गेली, तरी केवळ तेवढ्या कारणाने लाभ नाकारता येत नाही.