तुम्ही विचारलंत म्हणून: लातूरची पोरगी आणि समुद्रातले खेकडे

लग्नात, एसटीत, बँकेच्या लाईनीत, कुठंही गेलं की तोच प्रश्न. "लातूरची ना तू? मग समुद्रातल्या खेकड्यांवर पीएचडी कशाला केलीस?" आणि मागोमाग, "पण उपयोग काय त्याचा?" आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

सोपं आधी संपवते. नाही, माझ्या खेकड्यांनी चिपळूणजवळचं तिवरे धरण फोडलेलं नाही. 2019 ला ते फुटलं आणि मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं तेव्हापासून हा जोक इतक्यांदा ऐकलाय की आता हसायचं नाटकही जमत नाही. मी काम करते ते पोहणारे खेकडे, त्यांच्या पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, ते समुद्रात राहतात, चिपळूणच्या डोंगरात बांध पोखरायला येत नाहीत. आपल्या ओढ्यातला खेकडा वेगळा, त्याच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच निघतो. पण पाठीवर तीन लाल ठिपके असलेली समुद्रातली मादी बघा, पोटाखाली लाखोंनी अंडी घेऊन फिरते, आधी पिवळी-केशरी असतात, मग आतल्या पिल्लांचे डोळे तयार झाले की काळपट होतात, आणि त्यातून जे बाहेर पडतं ते खेकड्यासारखं दिसत सुद्धा नाही. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या जेटीवर मी ती काळी अंडी नखावर घेऊन भिंगातून बघितली, प्रत्येकात काळे टिंब, डोळे. कशाला केलीस याचं खरं उत्तर एवढंच आहे, पण ते कुणाला पुरत नाही. मग मी उपयोग सांगायला लागते.

उपयोग कवचात आहे. त्यातनं कायटिन नावाचा चिवट पदार्थ निघतो, कायटिनपासून कायटोसन, आणि त्याच्या पट्ट्या जखमेचं रक्त थांबवतात, बियाण्याला लेप देता येतो, गढूळ पाणी निवळतं. हे मी पाठ केल्यासारखं म्हणते. पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे आराखड्यात, तर "मराठवाड्यातील शेतकऱ्यांना उपयुक्त" असं वाक्यच घातलं होतं. सगळेच घालतात.

आता 2016 चं सांगते. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती, आई रात्री घागरी घेऊन टँकरची वाट बघायची, आणि मी तेव्हाच्या औरंगाबादला लॅबमध्ये कवचं धूत होते. प्रकार असा असतो, वाळलेली कवचं कुटून अ‍ॅसिडमध्ये टाकली की फसफसतात, त्यातला चुना निघून जातो, मग कॉस्टिक सोड्यात तापवायची, प्रोटीन जातं, उरतं ते कायटिन, ते परत कडक कॉस्टिकमध्ये उकळायचं की कायटोसन. आणि प्रत्येक पायरीनंतर धुवायचं. धुवायचं म्हणजे पीएच सातवर येईपर्यंत, ना अ‍ॅसिड उरलं पाहिजे ना सोडा, बोटांना बुळबुळीत लागतंय तोवर तपासायचा कागद निळाच येतो.

तेव्हाच आमचे अण्णा आले. माळकरी माणूस, खेकड्याच्या पोत्याचा वास नाकात गेला तरी काही बोलले नाहीत, दारातल्या स्टुलावर बसले. चाळणीवर नळ चालू होता. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढं पाणी कशाला सोडायलीस?" मी समजावलं, राहिलेला सोडा निघाला नाही तर सगळं वाया. "मग ह्ये पाणी झाडाला घालता येतंय का?" नाही, अण्णा, जळंल झाड. "मग काय हुतंय ह्यानं?" मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की गढूळ पाणी निवळतं. तर म्हणाले, "त्याला तुरटी हाय की. अन् निवळायला आधी पाणी तर पायजे."

मी चिडले. भयंकर चिडले. तुरटीनं सगळंच होत असतं तर जगभर लोक कशाला राबले असते वगैरे बोलले, आवाज चढला, बाजूच्या टेबलवरची पोरं खाली बघायला लागली. अण्णांनी जाताना एवढंच सांगितलं, शेवटच्या धुण्याचं पाणी फेकू नको, पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापर. ते मी करायला लागले, आजही करते. पण त्यानं वाद मिटला असं नाही, पहिल्या धुण्याचं पाणी गटारातच जातं, तेही आधी अ‍ॅसिड घालून सोडा मारून.

तेव्हाची मी म्हणायची की शोध आज कामाला येत नसेल तर उद्या येईल. आताची मी म्हणते, उद्याचं टँकरच्या लाईनीत उभ्या असलेल्या आईला सांगून बघ. आणि तरी मला तुरटीवाला हिशोब पूर्ण पटत नाही. ज्याला सगळे एकच निळा खेकडा समजत होते, तो खरं तर चार वेगवेगळ्या जाती आहेत हे 2010 साली मांडलं गेलं. कुणाच्या काय कामाचं? पण कुठली जात, केवढी झाल्यावर अंडी धरते, कुठल्या महिन्यात, हेच माहीत नसेल तर केवढा खेकडा पकडायचा आणि केवढा सोडायचा हे कोण ठरवणार? आणि पकडायला खेकडाच उरला नाही तर कवच कुठून आणणार? माझ्या थिसिसमधलं हे बिनउपयोगाचं निम्मं मला जास्त टिकाऊ वाटतं. मग तेव्हा अण्णांना हे का नाही सांगितलंस, असं कुणी विचारेलच. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "बरं. आता नळ बंद कर."