शासन निर्णयातला ‘वाचा’

आमच्या महाविद्यालयात सार्वजनिक धोरण अभ्यास केंद्र आहे असे सांगितले, की ऐकणाऱ्याला एखादे वातानुकूलित सभागृह असावे असे वाटते. प्रत्यक्षात ग्रंथालयामागची एक खोली, दोन लोखंडी कपाटे, अधूनमधून रुसणारा प्रिंटर आणि दर शनिवारी दुपारी जमणारी पंधरा-वीस मुले, एवढाच आमचा संसार आहे. नवीन मुलाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : “सर, फेलोशिपसाठी काय वाचू?” मी त्याच्या हातात एक शासन निर्णय, म्हणजे सरकारी ‘जीआर’, ठेवतो.

शासन निर्णयाची रचना ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, की क्रमांक आणि दिनांकाखाली ‘वाचा’ असे शीर्षक असते आणि त्याखाली आधीचे निर्णय, परिपत्रके व पत्रे क्रमाने दिलेली असतात. मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय आणि शेवटाकडे खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या सदरात, टाकायचा याचा उल्लेख. मुले सवयीने थेट मधल्या परिच्छेदावर उडी घेतात. आमच्याकडे मात्र ‘वाचा’खालचा सर्वांत जुना संदर्भ शोधून तेथून पुढे यायचे, असा नियम आहे, कारण धोरण एका दिवसात जन्माला येत नाही आणि ते कोणी, कशाला, किती वेळा बदलले हे त्या पाच-सहा ओळींत दडलेले असते. पैसा कोठून येणार याचा पत्ता ज्या निर्णयात लागत नाही, त्याच्या अंमलबजावणीविषयी मी तरी आधी शंकाच घेतो.

या पद्धतीचा सर्वांत चांगला धडा आम्हाला एका पगारपत्रकाने दिला. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आईचे पगारपत्रक आणले होते. आई शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात काम करते. पगार वीस हजारांच्या आतबाहेर. त्यात ‘व्यवसाय कर’ या नावाने दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले होते. हे पैसे कशासाठी, आणि फेब्रुवारीतच जास्त का, असा तिचा साधा प्रश्न होता. दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे : राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे आणि अकरा महिन्यांचे २२०० व एका महिन्याचे ३०० मिळवले की ती बरोबर भरते. पहिल्या भागासाठी मात्र तिला व्यवसाय कराच्या १९७५ च्या कायद्यापर्यंत मागे जावे लागले आणि तेथे तिला रोजगार हमी योजना भेटली.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली. मागेल त्याला काम द्यायचे तर दरवर्षी खात्रीचा पैसा हवा, म्हणून शहरातल्या नोकरदार आणि व्यावसायिकांवर कर बसवून त्यातून ग्रामीण मजुराच्या कामाची सोय केली गेली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि पुढे ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. पाठ्यपुस्तकात या साऱ्याला दोन ओळी मिळतात. आईच्या पगारातून गेलेले २०० रुपये खडी फोडणाऱ्या कोणा बाईच्या मजुरीशी जोडलेले आहेत, हे कळल्यावर त्या मुलीने वर्गात जे टिपण वाचले, त्याला मी एकही दुरुस्ती सुचवली नाही.

संधींविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर मुले रागावतील. पुण्यातली १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था जवळ आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या काळात तिने पुण्यात घरोघरी केलेली पाहणी आजही प्रश्नावली कशी करावी यासाठी पाहण्यासारखी आहे. मुंबई आयआयटीच्या ‘सितारा’ या, ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या १९८५ सालच्या केंद्रातले विद्यार्थी अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून काही आठवडे खेड्यात राहतात. दिल्लीत संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या ‘पीआरएस’ या संस्थेची ‘लॅम्प’ फेलोशिप २०१० पासून तरुण पदवीधरांना खासदारांबरोबर संसदीय कामाचा अनुभव देते. मराठी माध्यमातली मुले इंग्रजीच्या धाकाने अर्जच करत नाहीत, याचे मला वाईट वाटते. २०१५ साली सुरू झालेली, मध्ये खंड पडून २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालेली, तरुणांना राज्याच्या प्रशासनाबरोबर काम करू देणारी मुख्यमंत्री फेलोशिप आमच्या मुलांना सर्वांत जवळची वाटते, मात्र तिथली एक वर्षाच्या अनुभवाची अट तालुक्याच्या गावातल्या मुलाला जड जाते. शहरातल्या मुलाला इंटर्नशिप ओळखीतून मिळते; याला ती कोण देणार? म्हणून केंद्राचे निम्मे बळ आम्ही जवळपासच्या संस्थांकडे आमच्या मुलांसाठी शब्द टाकण्यात घालवतो, आणि त्यात अपयशच जास्त येते.

पगारपत्रकाची गोष्ट मात्र राहून गेली. १९७५ पासून एकेक दुरुस्ती वाचत ती मुलगी २०२३ पर्यंत आली आणि थबकली. त्या वर्षीच्या एप्रिलपासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ झाला होता, तरी आईची कपात सुरूच होती. दुरुस्तीची छापील प्रत घेऊन मायलेकी हिशेब विभागात गेल्या. तिथल्या बाबूंनी आधी “असं काही नसतं” म्हणून पाहिले, मग कागद वाचला, मग चष्मा लावून पुन्हा वाचला. पुढच्या महिन्यात ती ओळ कोरी आली. दोन्ही पत्रके तिने केंद्राच्या फाइलला लावली आहेत, आणि त्या छापील दुरुस्तीच्या आणखी सहा प्रती आईने मागवून घेतल्या, रुग्णालयातल्या बाकीच्या बायकांसाठी.