१८० मिलिग्रॅम पाणी

त्या दिवशी सकाळी मी वार्षिक अहवालाचा फॉर्म भरत बसले होते. पेपर किती, सायटेशन किती (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला), एच-इंडेक्स किती, असे रकाने. माझा सर्वांत जास्त सायटेशन मिळालेला पेपर पीएलएच्या एका मिश्रणावरचा आहे. पीएलए म्हणजे लॅक्टिक आम्लापासून बनणारं प्लास्टिक. त्या कामात माझी चार वर्षं गेली होती, त्यामुळे तो आकडा लिहिताना मनापासून बरं वाटत होतं.

तेवढ्यात दूरच्या एका विद्यापीठातल्या अनोळखी विद्यार्थिनीची मेल आली. तिने आमचं मिश्रण आमच्याच पद्धतीने तीनदा करून पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा ते फसलं होतं. सोबत एक फोटो होता. एक्सट्रूडरच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून त्याची तार काढणाऱ्या यंत्राच्या, तोंडातून तार मधासारखी संथ, सलग यायला हवी. तिच्याकडे पातळ पाक ठिबकत होता. थंड झालेली तार जरा वाकवली की काडकन मोडते, असं तिने लिहिलं होतं. संख्या-सरासरी रेणुभार, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचं सरासरी वजन, निम्म्यावर आला होता. शेवटी एकच प्रश्न : "माझं नेमकं काय चुकतंय?"

निम्मा रेणुभार म्हटल्यावर मला पाण्याचाच संशय आला. पीएलएच्या साखळीतले दुवे एस्टरचे असतात. १९० अंश सेल्सियसच्या आसपास, वितळलेल्या अवस्थेत, पाण्याचा एक रेणू एक दुवा तोडतो आणि एका साखळीच्या दोन होतात. साखळीचा रेणुभार १,००,००० धरा, पाण्याचा १८. म्हणजे एक किलो प्लास्टिकमध्ये १८० मिलिग्रॅम पाणी राहिलं आणि ते सगळं या कामी लागलं, तर प्रत्येक साखळी सरासरी एकदा तुटते. १८० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम तीन-चार थेंब!

आमच्या पेपरमध्ये प्लास्टिकच्या दाण्यांबद्दल होतं, 'दाणे वापरण्यापूर्वी वाळवले.' बस, एवढंच. मी कपाटातून जुनी वही काढली. माझ्याच अक्षरात सगळं होतं : व्हॅक्यूम ओव्हन, ८० अंश, रात्रभर, गरम दाणे थेट हॉपरमध्ये (यंत्रात दाणे सोडणाऱ्या नरसाळ्यात), हॉपरवर कोरडा नायट्रोजन. पेपर पाठवताना शब्दमर्यादेत बसावा म्हणून ती ओळ मीच छाटली होती. मी तिला लगेच विचारलं. तिने दाणे वाळवले होतेच, पण यंत्र तापेपर्यंत ते ट्रेमध्ये उघडे पडून होते. तेवढ्यात त्यांनी हवेतली ओल ओढून घेतली. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, चूक माझी होती.

मग फॉर्म बाजूला ठेवला आणि आमच्या पेपरचा संदर्भ देणारे पेपर एकेक करून उघडायला लागले. बहुतेकांनी प्रस्तावनेतच, आठ-दहा पेपरांच्या रांगेत आमचा क्रमांक घातला होता. आमची पद्धत खरोखर वापरणारे निघाले अकरा. त्यातल्या दोघांचा रेणुभार फारच कमी होता आणि त्यांनी तो मिश्रणाचाच गुणधर्म म्हणून नोंदवला होता. ते वाचून पोटात गोळा आला.

युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कोणत्या पेपरचा संदर्भ पुढे कोणी दिला याच्या यादीची, कल्पना मांडली, ती मुळात याचसाठी. अपुरी, कालबाह्य किंवा खोटी माहिती कोणी डोळे झाकून पुढे नेऊ नये, आधीच्या कामावर कोणी काय आक्षेप घेतला हे अभ्यासकाला सापडावं, असा त्यांचा उद्देश होता. माणसाचं काम एका आकड्यात मोजणारा एच-इंडेक्स २००५ चा, हर्श यांचा. इतकी वर्षं मी त्या यादीचा फक्त शेवटचा आकडा बघत आले. कोणी काय केलं, हे शोधायला ती त्या दिवशी पहिल्यांदा उघडली.

संध्याकाळपर्यंत जर्नलकडे दुरुस्ती पाठवली आणि अकराही गटांना स्वतंत्र मेल केल्या. रात्री एकाचं उत्तर आलं, "ओव्हनमधून काढल्यापासून हॉपरमध्ये जाईपर्यंत दाणे किती मिनिटं उघडे होते?"

मी पुन्हा वही उघडली. ते त्यातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझा विद्यार्थी स्टॉपवॉच घेऊन ओव्हनसमोर उभे राहिलो.