जुन्या बोलेरोतली ठकठक: ती कुठे वाजते त्याआधी कधी वाजते ते पाहा

जुनी बोलेरो किंवा छोटा हत्ती खालून ठकठक करायला लागला की गावात पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘शॉकअप गेले, बदलून टाक.’ जोडी बदलली जाते, पैसे जातात आणि पांदणीवर चाक उतरलं की ठोका पुन्हा हजर. शॉकअप संपला की गाडी डोलते, खड्ड्यानंतर दोन-तीन हेलकावे खाते. नुसता कोरडा ठोका येत असेल तर फार तर त्याच्या वरच्या-खालच्या टोकाचं रबर गेलेलं असतं. ते रबर अगदी स्वस्त असतं.

आवाज कुठून येतो यावर कानाचा भरवसा धरू नका. चॅसी लोखंडाची, मागचा ठोका ड्रायव्हरच्या पायाखाली ऐकू येतो. आवाज कधी येतो ते मात्र नेमकं सांगता येतं: गिअर टाकताना, खड्ड्यात, वळताना की ब्रेकवर. शोध तिथूनच सुरू करा.

त्याआधी सीटखालचा जॅक, टॉमी (लोखंडी दांडा), पाने सगळं बाहेर काढा. स्टेपनी हलवून पाहा, सायलेन्सरचा हँगर पाहा. मग चाकांचे नट पान्याने तपासा. हे बाकी शोधाआधीच, कारण बाकी बरेचसे आवाज आठवडाभर चालून जातात, ढिला नट चालत नाही. नटाची बैठक घासून भोक लांबट झालं असेल तर नुसतं आवळून भागत नाही, चाकाची डिस्क बदलावी लागते.

गिअर टाकून क्लच सोडताना ‘टक’, ॲक्सिलरेटर सोडला की ‘टक’, पुन्हा दाबला की ‘टक’, असं असेल तर प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा फिरता सांधा पाहा. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल करा. एक हात शाफ्टवर, दुसरा फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडलेला असतो त्या तबकडीवर) ठेवून उलटसुलट पीळ द्या. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला अजिबात प्ले (ढिलेपणा) लागत नाही. क्रॉसच्या चार टोकांवरच्या टोप्यांच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया (बारीक बेअरिंग) कोरड्या पडून गंजल्या असं समजा. तिथे आता ग्रीस मारून उपयोग नाही. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की पाणी सीलमधून आत जातं, आणि काळ्या मातीच्या थराखाली ग्रीसचं निपल दिसतही नाही. ग्रीस मारताना ते चारही टोप्यांतून बाहेर आलं पाहिजे. तीनच टोप्यांतून आलं तर चौथी कोरडी आहे.

क्रॉस बदलताना शाफ्ट सोडण्याआधी फ्लँज आणि स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा) दोन्हीवर पंचाने खूण करा. खडूची खूण हात लागताच पुसते. दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे काटे एका रेषेत बसले नाहीत तर ठोका जाईल, पण वेगात गाडी थरथरायला लागेल. नवी टोपी हातोड्याने न ठोकता व्हाइसमध्ये दाबून बसवा. ठोकाठोकीत एखादी सुई निसटून टोपीच्या तळाशी आडवी पडते, आणि मग सर्कलिप (टोपी अडवणारी कडी) खाचेत बसतच नाही. अशा वेळी जोर लावू नका, टोपी काढून सुया नीट लावा. बसल्यावर क्रॉस हाताने मोकळा फिरला पाहिजे.

क्रॉस घट्ट आहे, तरी उभ्या गाडीने निघताना एकच ‘टक’ येतो? स्लिप जॉइंट सुका आहे, त्याला ग्रीस द्या. तेही करून शाफ्ट बराच फिरत असेल तर प्ले मागच्या ॲक्सलच्या हौसिंगमध्ये, आतल्या गिअरांत आहे. थोडा प्ले तिथे असतोच. जास्त वाटला तर तेल काढून पाहा. त्यात लोखंडाच्या कपच्या निघाल्या तर क्राउन-पिनियनच्या (त्याच गिअरांच्या) कामासाठी तालुक्याचा जाणता मिस्त्री गाठा. ते काम शिम (पातळ पत्र्या) लावून मापावर करायचं असतं, झाडाखाली अंदाजाने नाही.

खड्ड्यातला ठोका बहुधा पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) असतो. चॅसीखाली पक्का ठोकळा लावून चाक लोंबकळू द्या आणि शॅकलजवळ (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीजवळ) टॉमी घालून रेटा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. तिच्यातला बुश (पिनेभोवतीची नळी) गेला असेल तर शॅकल खडखडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन तडकतं, आणि गाडी खालून डिझेलने धुवायची सवय उरलंसुरलं संपवते: डिझेलने रबर फुगतं, मऊ पडतं. म्हणून रबरी बुशला तेल-ग्रीस लावायचं नाही. निपल असलेल्या धातूच्या बुशला मात्र ग्रीस हवंच. नवा रबरी बुश टाकल्यावर बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर टेकवून; हवेत आवळला तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

पाटा हौसिंगला आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या पट्टीपाशी गंजात चकचकीत रेघ दिसली तर पाटा तिथे सरकतोय. ढिल्या यू बोल्टने सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधल्या भोकातला) तुटतो आणि हौसिंग एका बाजूला मागे जातं, गाडी तिरकी चालते. दोरीने पाट्याच्या पुढच्या पिनपासून हौसिंगपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक आला तर गाडी भरू नका. यू बोल्ट नवेच टाका, तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि सुमारे 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. हे दुसऱ्यांदा आवळणं सगळे विसरतात. पाट्याची चीर बऱ्याचदा सेंटर बोल्टच्या भोकापाशी, पट्टीखाली लपलेली असते. पट्टी खोलल्याशिवाय ती दिसणार नाही.

कापूस किंवा ढेप भरल्यावरच ठोका बसत असेल तर पाटे दबून सपाट झालेत आणि हौसिंग बंप स्टॉपरवर (चॅसीखालच्या रबरी ठोकळ्यावर) आपटतंय. तिथे बुश बदलून काही होणार नाही.

स्टिअरिंग वळवताना आवाज आला तर पुढचं चाक उचलून आधी वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. डावी-उजवीकडे प्ले लागला तर टाय रॉडचं (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोक पाहा. वर-खाली लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा: प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (ज्यावर पुढचं चाक वळतं तो सांधा), आणि सरळ ॲक्सलच्या गाडीत त्याच्या जागची किंग पिन. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं, त्यामुळे बाजारचा दिवस असला तरी गाडी उभी करा. फक्त ब्रेकवर वाजत असेल तर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना आणि पॅडच्या क्लिपा पाहा.

दुरुस्तीनंतरची फेरी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनासह घ्या. डांबरी रस्त्यावर रिकामी गाडी गप्प राहिली तर त्यावरून काहीच कळत नाही.