तिन्ही आकडे खाली, पानथरी बेंबीपर्यंत: माझा काला आजार

बँकेच्या बदलीमुळे बिहारमध्ये मुजफ्फरपूरला होतो. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. आधी टायफॉइडची औषधं झाली, मग मलेरियाची. वजन घटत चाललं होतं, पण डाव्या बरगडीखाली मात्र जडपणा वाढत होता. शेवटी रजा टाकून पुण्याला आलो.

सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) हिमोग्लोबिन ७.४, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट ६८,०००. तिन्ही कमी म्हटल्यावर घरचे माझ्यासमोर हळू बोलू लागले. सगळ्यांच्या मनात ब्लड कॅन्सर. रक्तविकारतज्ज्ञांनी 'श्वास घ्या, सोडा' म्हणत पोट चाचपलं आणि बेंबीपाशी पेनाने रेघ मारली. पानथरी (प्लीहा, डाव्या बरगडीखालचा अवयव) इथवर आली होती. मग विचारलं, "वर्षभर कुठे होता?" बिहार म्हणताच आरके-३९ ही काला आजाराची रक्तचाचणी लिहून दिली. हे आधी कुणी विचारलं नव्हतं, याचा अजून राग येतो.

चाचणी पॉझिटिव्ह आली. कॅन्सरची शंका मिटावी म्हणून कमरेच्या हाडातून मज्जा काढली (सुईचं काही वाटत नाही, पण आतून ओढ लागते ती असह्य), तर त्यातही लिशमॅनिया, म्हणजे काला आजाराचे परजीवी दिसले. वाळूमाशी चावून आलेले.

भाऊ प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावपळ करायला निघाला होता. डॉक्टरांनी थांबवलं. निरोगी माणसाच्याही साधारण एक तृतीयांश प्लेटलेट पानथरीत असतात. ती एवढी वाढली की कितीतरी जास्त तिथेच अडकतात, चढवलेल्यासुद्धा. म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडीत काढणारा हा अवयव मग चांगल्या पेशीही मोडू लागतो. त्यात मज्जेतही परजीवी, म्हणजे नव्या पेशींचीही बोंब. रक्तस्राव नव्हता, म्हणून पिशव्या नकोत, औषध परजीवीवरच.

लायपोसोमल अँफोटेरिसिन बी, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, एकदाच. पिवळसर औषध, नेहमीच्या सलाईनमध्ये चालत नाही, ग्लुकोजच्या पाण्यातूनच देतात. मधे हुडहुडी भरली, दोन ब्लँकेटं लागली. नंतर मूत्रपिंडावर परिणाम होत नाही ना, हे पाहायला क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत राहिले.

ताप सगळ्यात आधी गेला. मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वर आल्या, हिमोग्लोबिन रेंगाळलं, आणि पानथरी आक्रसायला तर कित्येक महिने लागले. आरके-३९ पुन्हा करू नका म्हणाले, बरं झाल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्हच येते. त्यापेक्षा अंगावर फिकट डाग दिसले तर लगेच दाखवा. या आजाराचा त्वचेवरचा प्रकार नंतर, कधी वर्षांनीही, उमटू शकतो.