८० अंशाचा डेपो : झेंडे एकदाचे सरळ उभे राहिले

वीसच्या वीस झेंडे ताठ, एका रेषेत! दक्षिण ध्रुव पहिल्यांदा गाठणाऱ्या आमुंडसेनने वाटेत ८० अंश दक्षिणेला केलेल्या डेपोचं, म्हणजे अन्नसाठ्याचं, मॉडेल चालू आहे, त्यातले हे झेंडे. मागच्या अपडेटमधला फोटो आठवत असेल, दिंडीतल्या पताकांसारखी सगळी रांग मधल्या डेपोकडे कललेली. आमुंडसेनच्या माणसांनी ती अशी लावली असती तर दक्षिण ध्रुव राहिला बाजूला, परतीचा डेपोही सापडला नसता.

स्केल तेच, १:२०,०००. डेपोच्या पूर्वेला दहा आणि पश्चिमेला दहा झेंडे, दर ९०० मीटरवर एक. म्हणजे बोर्डावर दर साडेचार सेंटीमीटरला एक काठी, एकूण ९० सेंटीमीटर. (खऱ्या मापात झेंडा दिसणारच नाही, म्हणून उंची वाढवली आहे. मापवाल्यांनी माफ करावं.) काठ्या केरसुणीच्या, झेंडे काळ्या टिश्यूचे.

गोम होती बर्फात. वस्त्रगाळ पांढरी रांगोळी, पांढरा गम आणि पाणी यांचा लगदा वाळताना आकसतो. डेपोच्या ढिगाऱ्यापाशी थर जाड, त्यामुळे सगळ्या काठ्या तिकडे ओढल्या जातात. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो, तेवढा वेळ ही ओढाताण चालूच. आधी बर्फ वाळवून मग पिन व्हाइसने (बारीक हातड्रिलने) भोकं पाडली तर पापुद्रे उडाले. सुपरग्लू लावला तर त्याच्या वाफेने काळ्या झेंड्यांवर पांढुरकी साय धरली.

शेवटी सुया कामी आल्या. प्लायच्या पट्टीला साडेचार सेंटीमीटरवर भोकं पाडून जिग (अंतर राखणारा साचा) केली, त्यातून शिवणाच्या सुया तेलाचा हात लावून लगद्यात उभ्या केल्या. लगदा अर्धवट आवळला की सुया हलकेच फिरवून काढायच्या. भोकं आयती मिळतात, लगदा पूर्ण वाळल्यावर त्यांत काठ्या पातळ गमाच्या थेंबावर बसवायच्या. तेल विसरू नका, नाहीतर सुई गंजून बर्फावर तपकिरी डाग सोडते. जाता जाता: ऑनलाइन मिळणारी महागडी ‘स्नो पावडर’ घेऊ नका. दुकानाचं नाव घेत नाही, पण आडव्या उजेडात वाऱ्याने कोरलेल्या बर्फाच्या लाटा रांगोळीत जशा उठतात तशा तिच्यात उठत नाहीत. खायचा सोडा तर पुढे पिवळा पडतो.

रांग सरळ झाल्यावर बोर्डाच्या दक्षिण कडेला डोळा लावून बघितलं, आणि आमुंडसेनचं डोकं कळलं. सूर्यावरून अक्षांश काढता येतो, पण धुक्यात किती बाजूला सरकलो ते कळत नाही. म्हणून झेंडे वाटेच्या कडेने न लावता वाटेला आडवे. परतताना आठ किलोमीटर चुकलात तरी रांग लागणारच, आणि प्रत्येक झेंड्यावरच्या खुणेवरून डेपो कुठल्या बाजूला, किती लांब ते समजणार. कुत्रे, स्की वगैरेंवर सगळे बोलतात, माझ्या मते निम्मी शर्यत या काळ्या चिंध्यांनी जिंकली.

आता दुसरा बोर्ड. ध्रुवाच्या त्याच शर्यतीत मागे पडलेल्या ब्रिटिश स्कॉटचा ‘वन टन डेपो’ याच मापाच्या बोर्डावर, मधोमध एक ढिगारा आणि एक झेंडा, असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच बेत फिरला. तो डेपो ८० अंशावर करायचा होता. फेब्रुवारी १९११ मध्ये तट्टं थकली म्हणून, पुढे जाऊ म्हणणाऱ्या आपल्याच तुकडीतल्या ओट्सचं न ऐकता, स्कॉटने तो ७९° २९′ वरच उभारला. म्हणजे सुमारे ५७ किलोमीटर अलीकडे. ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि सोबती जिथे मेले तो मार्च १९१२ मधला शेवटचा तंबू त्या डेपोपासून ११ सागरी मैलांवर. आमच्या स्केलला डेपो ते तंबू एक मीटर, डेपो ते ८० अंश पावणेतीन मीटरहून थोडं जास्त. ठरल्या जागी डेपो असता तर तंबूच्या आधीच लागला असता! हे चौकोनी बोर्डावर कसं दिसणार? त्यामुळे बोर्ड रद्द, भिंतीलगत तीन मीटरची अरुंद पट्टी. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

पट्टीशेजारी १:७२ चा छोटा डायोरामाही (आकृत्यांचा देखावाही) हवा: नोव्हेंबर १९१२, तंबू शोधणारी तुकडी आणि तिच्याबरोबर हिंदुस्थानातून गेलेली सात खेचरं. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी, खानसाहेब! एवढी नावं मिळाल्यावर ती न करणं शक्यच नाही. घोड्यांच्या प्लास्टिक आकृत्या पडून आहेत, फक्त कान लांबवायचे आहेत. एवढ्या बारीक कामात न तुटणारी पुट्टी कोणी वापरली असेल तर सांगा. दोन भागांची इपॉक्सी माझ्याकडे आहे, पण ती हाताला फार लवकर आवळते.