दिसलं की वाटलं?

सातवीत मला टायफॉईड झाला आणि डॉक्टरांनी सहा महिने मैदानात उतरायचं नाही असं बजावलं, म्हणून मी गुणलेखक झालो. सुरुवात एवढी साधी आहे. कबड्डीच्या संघात डाव्या कोपऱ्यातली जागा जवळजवळ पक्की झाली होती माझी, ती गेली, आणि पीटीच्या सरांनी हातात एक शंभर पानी वही आणि पेन्सिल देऊन मला मध्यरेषेच्या समोर बाकावर बसवलं. म्हणाले, खेळता येत नाही ना, मग लिही. चढाई कोणी केली, कोण बाद झालं, पकड कोणाची, कशी, सगळं लिही. मी रडकुंडीला आलो होतो. बाकीची पोरं मातीत लोळतायत आणि मी स्वच्छ शर्टात बसलोय, याच्यासारखं दुःख त्या वयात दुसरं नसतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. माझा जिवलग मित्र चढाईला गेला, चार जणांनी घेरला, तरी सुटून परत आला आणि हात वर करून ओरडला, लागला लागला, उजव्या कोपऱ्याला हात लागला. मी लगेच एक गुण लिहून टाकला. सर मागे उभे होते हे मला माहीत नव्हतं. त्यांनी वही घेतली आणि विचारलं, "दिसलं की वाटलं?" मी म्हटलं दिसलं. "कुठला हात? कुठे लागला, मनगटाला की खांद्याला?" मला सांगता येईना. सर चिडले नाहीत, गुण खोडायलाही लावला नाही. फक्त म्हणाले, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढ. मी काढलं.

तो प्रश्न नंतर चाळीस वर्षं माझ्या मागे आहे. पेपरात लिहिताना, शिट्टी तोंडात असताना आणि आता मुलींना शिकवताना, तिन्ही ठिकाणी.

त्या सहा महिन्यांत सरांनी अजून एक गोष्ट शिकवली जी मला नंतर कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. संध्याकाळी सराव संपत आला की ते मला डोळे मिटून बसायला सांगायचे आणि एकेक चढाईवाला समोरून 'कबड्डी कबड्डी' म्हणत जायचा, मी फक्त ऐकायचं आणि दम तुटला की हात वर करायचा. सुरुवातीला मला सगळंच सारखं ऐकू यायचं. मग हळूहळू कळायला लागलं की दम एकदम नाही तुटत, आधी 'ड्डी' पुसट होतो, मग दोन शब्दांच्या मध्ये एक बारीकशी फट पडते आणि पोरगा त्या फटीतून चोरून श्वास घेतो. चढाई एका दमात, सलग आणि ऐकू येईल अशा आवाजात व्हायला हवी हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो कानाने पकडावा लागतो. पुढे पंच म्हणून हजारो माणसांच्या आरडाओरड्यात उभा राहिलो तेव्हा हेच कान कामाला आले.

कॉलेज झालं, एका दैनिकात क्रीडा विभागात लागलो. १९९० साल. त्याच वर्षी बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारताने गोल्ड जिंकलं, आणि मला अजून आठवतं, ती बातमी माझ्या हातात आली तेव्हा मला पानभर लिहायचं होतं आणि जागा मिळाली ती थोड्या ओळींची. वरिष्ठांची चूक नव्हती, पान क्रिकेटने भरलेलं होतं आणि वाचकांनाही तेच हवं होतं. पण १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी हा खेळ जगाला दाखवला होता, आणि बुवा साळवींसारख्या माणसाने उभं आयुष्य घालून तो गल्लीतून आशियापर्यंत नेला, महाराष्ट्रात १५ जुलैला त्यांच्या जन्मदिवशी कबड्डी दिन साजरा होतो तो त्यासाठीच. हे सगळं त्या ओळींत कुठे बसणार. तेव्हा मी ठरवलं की जागा कमी असेल तर असेल, पण मी प्रत्यक्ष बघितलेलंच लिहीन, दोन्ही संघांच्या गुणांचा नुसता पाढा लिहिणार नाही. सामना कुठल्या चढाईवर फिरला ते लिहीन.

हे ठरवणं सोपं होतं. एका सामन्यात मी ते पाळलं नाही, आणि खरं तर तेच सांगण्यासाठी मी हे लिहायला घेतलंय.

राज्यपातळीवरचा उपांत्य सामना होता, रात्रीचा, प्रकाशझोतात. शेवटच्या मिनिटाला एका गुणाचा फरक, आणि मागे असलेल्या संघाच्या चढाईपटूने बोनससाठी, म्हणजे कोणाला न शिवता मिळणाऱ्या एका जादा गुणासाठी, पाय टाकला. समोर सहा जण होते म्हणजे बोनस चालू होता. पंचांनी बोनस दिला नाही. मैदान पेटलं. मी प्रेसच्या टेबलवर होतो, थोडा उंचावर, मैदानाच्या टोकाला, आणि मला पाय रेषेच्या पलीकडे पडलेला स्वच्छ दिसला. पेपरची वेळ संपत आली होती, मी फोनवरून बातमी सांगितली आणि पहिल्याच वाक्यात म्हटलं की पंचांच्या चुकीने सामना गेला. पंचांचं नावही दिलं. दुसऱ्या दिवशी ठळक मथळ्यात ते छापून आलं.

आता बोनसचा नियम असा आहे की पुढचा पाय बोनस रेषा पूर्ण ओलांडून जमिनीला लागताना मागचा पाय हवेत पाहिजे. मला पुढचा पाय दिसला होता. मागच्या पायाकडे मी बघितलंच नव्हतं. माझ्या जागेवरून तो दिसणंही शक्य नव्हतं, मध्ये चढाईपटूचंच अंग होतं. पण हे मला त्या रात्री सुचलं नाही. त्या रात्री माझी खात्री होती.

त्या पंचांनी काही उत्तर दिलं नाही, तक्रार केली नाही, पत्र पाठवलं नाही. नंतर कळलं की त्यांच्या मुलाला शाळेत पोरांनी त्यावरून चिडवलं होतं. हे कळल्यावर मला काही दिवस नीट झोप लागली नाही.

मी पंच परीक्षेला बसलो तो काहीसा त्याच्यामुळेच. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक. लेखीत मला काही अडचण आली नाही. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, दोन्ही बाजूंना एक मीटरची लॉबी, म्हणजे स्पर्श झाल्यावरच खेळात येणारी पट्टी, एवढं तर वर्षानुवर्षं लिहीत होतो. प्रात्यक्षिकात घाम फुटला. तीस सेकंदांची चढाई, त्या तीस सेकंदांत दम ऐकायचा, चढाईपटूचे दोन पाय बघायचे, सात बचावपटूंपैकी कोणाचा पाय रेषेबाहेर जातोय ते बघायचं, झटापट सुरू झाली की केस, कपडे, तोंड कोणी दाबत नाहीये ना ते बघायचं, आणि हे सगळं संपल्यावर पाऊण सेकंदात हात वर करायचा. टेबलवर बसून मी ज्याला 'उशिरा दिलेला निर्णय' लिहायचो तो उशीर म्हणजे एक माणूस स्वतःला विचारत असतो की मला दिसलं की वाटलं.

आणि मग दोन वर्षांनी एका स्पर्धेत पंचांच्या यादीत माझ्या नावाशेजारी बातमीतल्या त्या पंचांचं नाव आलं. मैदानाच्या एका बाजूला ते, एका बाजूला मी. सामन्याआधी मी त्यांच्याकडे गेलो आणि त्या बातमीबद्दल माफी मागितली. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "तुम्ही जिथे बसला होता तिथून तसंच दिसलं असणार." बास, एवढंच. मग मला हाताला धरून बाजूच्या रेषेवर नेलं आणि दाखवलं की बोनसच्या वेळी पंचाने कुठे उभं राहायचं, चढाईपटू पाय टाकायच्या बेतात असताना अर्धं पाऊल मागे सरकायचं म्हणजे दोन्ही पाय एकाच नजरेत येतात. पुढे सरकलं की एकच पाय दिसतो, आणि माणसाचा ओढा नेहमी पुढे सरकायचा असतो. मी पंचांच्या शिबिरात शिकवायला जायला लागलो तेव्हा ते अर्धं पाऊल प्रत्येकाला दाखवलंय. नंतर मी पेपरात त्या सामन्याबद्दल पुन्हा लिहिलं, माझं काय चुकलं ते लिहिलं. ते आतल्या पानावर खाली आलं. मथळ्याएवढी जागा चुकीच्या दुरुस्तीला कधीच मिळत नाही, आमच्या धंद्यातलं हे दुखणं आहे आणि ते मला आजही टोचतं.

२०१४ला टीव्हीवर प्रो कबड्डी लीग आली आणि सगळं बदललं. ज्या खेळाला पानाच्या तळाशी जागा मिळायची त्याच्या चढाईपटूंची नावं पोरं गल्लीत घेऊ लागली, तिसरी चढाई (आधीच्या दोन कोरड्या गेल्यावरची, गुण मिळवला नाही तर बाद), अव्वल पकड (तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेली) हे शब्द घराघरात गेले. मला मनापासून आनंद झाला. अनुप कुमारचा बोनस बघायला माझी आई टीव्हीसमोर बसायची, तिने आयुष्यात कधी सामना बघितला नव्हता. पंचांच्या मदतीला कॅमेरे आले, रिव्ह्यू आला. काही जुने पंच याच्यावर नाराज होते, मी नव्हतो. कॅमेऱ्याला मागचा पाय दिसतो. त्या रात्री कॅमेरा असता तर एका मुलाला शाळेत कोणी चिडवलं नसतं.

कोच मी ठरवून झालो नाही. मुलींच्या एका संघाला कोणी शिकवायला नव्हतं, मी गेलो आणि राहिलो. तेव्हापासून एक पथ्य पाळतो, ज्या स्पर्धेत माझा संघ आहे तिथे मी पंच नसतो आणि तिथली बातमीही मी लिहीत नाही, कितीही आग्रह झाला तरी. कारण कोचला त्याला जे हवंय तेच दिसतं, हे मी स्वतः अनुभवलंय. एका जिल्हा स्पर्धेत आमच्या मुलीला बाद दिलं आणि मी बाकावरून उठून रेषेपर्यंत गेलो, मोठ्याने बोललो, आणि त्या तरुण पंचाने मला ग्रीन कार्ड, म्हणजे ताकीद, दाखवलं. तो पंच माझ्याच शिबिरात शिकलेला होता. रात्री मोबाईलवरचं शूटिंग बघितलं, निर्णय बरोबर होता. सकाळी त्याला फोन करून तसं सांगितलं. त्याचा हात कार्ड काढताना थरथरत होता असं तो म्हणाला, तरी त्याने काढलं, याचा मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा माझ्या कुठल्याही बातमीचा वाटत नाही.

या तिन्ही गोष्टी एका माणसाने करू नयेत असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. पण फुटबॉलमध्ये ब्राझीलचा जुआंव साल्दान्या पत्रकार होता, १९६९मध्ये त्यालाच राष्ट्रीय संघाचा कोच केलं, पात्रता फेरीतले सहाच्या सहा सामने तो जिंकला आणि वर्ल्डकपच्या आधी त्याला काढलं, मग तो परत लिहायला लागला. इटलीचा वित्तोरियो पोत्सो १९३४ आणि १९३८ असे लागोपाठ दोन वर्ल्डकप जिंकून देणारा कोच, तोही वर्तमानपत्रात लिहायचा. जागा बदलली की माणसाला आधी न दिसलेलं काहीतरी दिसतं, मला यात एवढंच महत्त्वाचं वाटतं.

७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ एशियाड. त्या दिवशी सगळ्या मुली माझ्या घरी होत्या. महिलांची फायनल आपण चायनीज तैपेईविरुद्ध २६-२५ अशी एका गुणाने जिंकली, मुली नाचून दमल्या. मग पुरुषांची फायनल, समोर इराण. ज्या इराणने २०१८ला जकार्तात आपल्याला सेमीफायनलमध्ये हरवलं होतं तोच. २८-२८ बरोबरी, थोडासा वेळ शिल्लक, आपला चढाईपटू पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला गेला आणि कोणाला न शिवता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. आणि मग तो गोंधळ. स्पर्श व्हायच्या आधी लॉबीत गेलेले सगळे बाद, की फक्त चढाईपटू बाद? आंतरराष्ट्रीय नियम एक सांगतो, लीगमध्ये नियम वेगळा. निर्णय फिरला, परत फिरला, खेळाडू मैदानात बसले, जवळजवळ तासभर खेळ थांबला. शेवटी आपल्याला तीन आणि इराणला एक गुण, आणि भारत ३३-२९ने जिंकला.

मुली मला विचारत होत्या, सर, कोण बरोबर? फोनही वाजत होता, पेपरातल्या मुलाला माझं मत हवं होतं. मी फोन बाजूला ठेवला आणि मुलींना म्हटलं, आधी सांगा, लॉबीत कोण कोण गेलं? एकीने चार सांगितले, दुसरीने तीन. मग आम्ही ती चढाई परत परत बघितली, फक्त पाय बघायचे, चेहरे बघायचे नाहीत असं ठरवून. आमची डावा कोपरा खेळणारी मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, सर, मी असते तर मीपण गेले असते त्याच्यामागे.

पुढच्या सकाळी सराव सुरू झाला तेव्हा पहिली वीस मिनिटं तेवढंच केलं. चढाईवालीने न शिवता लॉबीत पळायचं आणि कोपऱ्याने जागेवर थांबायचं. फार अवघड आहे हो ते, पाय आपोआप मागे धावतात.

स्मरणिका समितीने प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागितल्यात. ती शंभर पानी वही मी पाठवतोय, कडा कुरतडल्यात पण आतलं वाचता येतं. चौथ्या पानावर माझ्या मित्राच्या नावापुढे एक गुण आहे आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पेन्सिलीचं आहे, पुसट झालंय, पानाला हात लावू न देता काचेखाली ठेवलंत तर बरं होईल.